फादरांचा मान राखायचा म्हणजे रोज नेमकं काय करायचं

पॅरिश ऑफिसात, म्हणजे कॅथलिक चर्चच्या आपापल्या हद्दीतल्या समाजाच्या ऑफिसात, मी काही वर्षं रजिस्टर लिहायचं आणि फोन घ्यायचं काम केलं. तिथे बसून एक गोष्ट अगदी पक्की कळली. फादरांवर, म्हणजे आपल्या धर्मगुरूंवर, मनापासून प्रेम करणारी माणसंच नकळत त्यांची सगळ्यात जास्त दमछाक करतात, कारण मान म्हणजे समोर आल्यावर हात जोडणं आणि त्यांच्या दीक्षेच्या जुबिलीला हार घालणं एवढंच आपल्याला वाटतं. बाकीच्या दिवसांत कुठे, कधी, कसं वागायचं हे कोणी नीट बसवून सांगितलेलंच नसतं. म्हणून हे सगळं एकदा लिहून काढतोय. नवीन पॅरिशमध्ये राहायला आलेल्यांना उपयोग होईल, जुन्यांनाही होईल.

सगळ्यात आधी नाव नोंदवा

नवीन ठिकाणी राहायला गेलात की पहिल्या महिन्यातच पॅरिश ऑफिसात जा. घरातल्या सगळ्यांची नावं, जन्मतारखा, कोणाचा बाप्तिस्मा कुठे झाला, कोणाचं दृढीकरण (बाप्तिस्म्यानंतर श्रद्धा पक्की करणारा संस्कार) झालंय, कोणाचं राहिलंय, घरी कोणी आजारी किंवा अंथरुणाला खिळलेलं आहे का, हे सगळं सांगा आणि चालू असलेला फोन नंबर द्या. बरेच जण चारपाच वर्षं दर रविवारी येतात, शेवटच्या बाकावर बसतात आणि जातात, मग अचानक लग्नाचं पत्र हवं असतं तेव्हा ऑफिसात पहिल्यांदा उगवतात. फादर ओळखत नाहीत म्हणून रागावतात पण. ते कसे ओळखणार सांगा.

चर्चच्या कायद्याप्रमाणे, म्हणजे १९८३ च्या कॅनन लॉप्रमाणे, पॅरिश म्हणजे नुसती इमारत नाही, एका मेंढपाळाकडे सोपवलेला माणसांचा समाज आहे, आणि तुम्ही त्या हद्दीत राहायला आलात की तुमची जबाबदारी त्या पॅरिश प्रिस्टवर, म्हणजे तिथल्या मुख्य फादरांवर, येते. त्यांना दर रविवारी एक मिस्सा, म्हणजे वेदीवरची मुख्य उपासना, आपल्या पॅरिशच्या लोकांसाठीच अर्पण करावी लागते, कोणाच्या इंटेन्शनसाठी (कोणी मागितलेल्या खास हेतूसाठी) नाही, कोणाकडून पैसे घेऊन नाही, फक्त आपल्यासाठी. म्हणजे तुमची ओळख व्हायच्या आधीपासून तुमच्यासाठी मिस्सा होत असते. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा खूप वेळ काही सुचलंच नाही.

मान कशाचा हे डोक्यात साफ असू द्या

हे कळलं की पुढचं सगळं सोपं जातं. फादर म्हणून जो मान आहे तो त्यांच्या आवाजाचा, प्रवचनाचा, स्वभावाचा किंवा शिक्षणाचा नाही, त्यांना मिळालेल्या गुरुदीक्षेचा, म्हणजे धर्मगुरू होण्याच्या संस्काराचा, आहे. वेदीवर "हे माझे शरीर आहे" म्हणताना ते स्वतःच्या नावाने बोलत नसतात, ख्रिस्त त्यांच्या तोंडून बोलत असतो. जुन्या काळचे बिशप आणि धर्मपंडित संत ऑगस्टिन यांच्या काळात यावर मोठा वाद झाला होता, वाईट वागलेल्या बिशपने (फादरांच्या वरचे, धर्मप्रांताचे प्रमुख) किंवा फादरने दिलेला संस्कार खरा धरायचा का म्हणून. ऑगस्टिनचं म्हणणं असं की ख्रिस्ताचा शिष्य पेत्र याने बाप्तिस्मा दिला तरी बाप्तिस्मा देणारा ख्रिस्तच आणि ख्रिस्ताला धरून देणाऱ्या यहूदाने दिला तरी ख्रिस्तच. म्हणून फादर रागीट असले, प्रवचनात अडखळत असले, तरी त्यांच्या हातून मिळणारं कम्युनियन (मिस्सात मिळणारा ख्रिस्ताच्या शरीराचा परमप्रसाद) जराही कमी होत नाही. आणि उलट बाजूनेही धरा, फादर खूप छान बोलतात म्हणून ते चुकूच शकत नाहीत असंही नाही.

दुसरं म्हणजे बाप्तिस्म्याने आपल्यालाही याजकपणाचा वाटा मिळालेला आहे. १९६४ च्या लुमेन जेन्सियुम या व्हॅटिकन परिषदेच्या (जगभरच्या बिशपांच्या सभेच्या) दस्तऐवजात दोन्ही स्पष्ट मांडलंय, सगळ्या विश्वासूंचं सामायिक याजकत्व आणि दीक्षित गुरूंचं सेवेचं याजकत्व. दोन्ही वेगळी आहेत पण एकमेकांसाठीच आहेत. त्यामुळे पॅरिश म्हणजे फादरांचं दुकान आणि आपण गिऱ्हाईक, असं वागायचं नाही.

रविवारची मिस्सा

निदान दहा मिनिटं आधी पोचा. कम्युनियन घ्यायचं असेल तर त्याच्या एक तास आधीपासून पाणी आणि औषध सोडून काही खायचं प्यायचं नाही, म्हातारे, आजारी आणि त्यांची सेवा करणारे यांना हा नियम लागू नाही, हे लोक विसरतात आणि आजारी आजीला उगीच उपाशी ठेवतात. मोबाईल बंद. लहान मुलं रडली तर घाबरू नका, बाहेर नेऊन शांत करून परत आत आणा, घरी ठेवून येऊ नका.

मिस्सा सुरू व्हायच्या आधी सॅक्रिस्टीत (फादर तयार होतात त्या खोलीत) जाऊन फादरांशी गप्पा मारायच्या नाहीत, ती तयारीची वेळ असते. खरंच तातडीचं असेल, म्हणजे कोणी वारलंय आणि नाव घ्यायचंय, तर चिठ्ठी लिहून सॅक्रिस्टनकडे, म्हणजे तिथली व्यवस्था बघणाऱ्याकडे, द्या. मिस्सा संपल्यावर दारात भेटतात तेव्हा नमस्कार, खुशाली, एखादं वाक्य, बस. मागे लाईन असते आणि कदाचित त्यांना दुसऱ्या चर्चला पोचायचं असतं. फादरांनी साधारण दिवसाला एकच मिस्सा करावी असा नियम आहे, पण फादर कमी असतील तर बिशप दोनची, रविवारी आणि बंधनकारक सणाला गरज पडली तर तीनचीही परवानगी देऊ शकतात. तिसऱ्या मिस्सानंतर उभ्या असलेल्या माणसाला तुम्ही हॉलच्या पंख्याची तक्रार सांगताय का, हा विचार करा.

प्रवचन लांबलं तर काय करायचं हेही विचारतात लोक. पोप फ्रान्सिस यांनी २०२४ मध्ये स्वतःच सांगितलं होतं की प्रवचन आठ मिनिटांच्या वर जाऊ नये, नाहीतर लोक झोपतात. पण हे वाक्य फादरांच्या तोंडावर फेकायला वापरू नका. त्यापेक्षा एखाद्या रविवारी प्रवचनातलं एक वाक्य घरी आठवलं तर पुढच्या आठवड्यात त्यांना सांगा, "फादर, तुम्ही ते क्षमेबद्दल बोललात ना, ते आठवडाभर डोक्यात होतं." काय पोचतंय हे कळलं की प्रवचन आपोआप सुधारतं, हे मी बघितलंय.

मिस्साचं इंटेन्शन

मयतासाठी, आजाऱ्यासाठी, आभारासाठी मिस्सा मागायची असेल तर ऑफिसात आधी जा, नाव स्वच्छ अक्षरात लिहा, जिवंत की मयत ते लिहा, तारीख विचारून घ्या आणि त्या दिवशी स्वतः हजर राहा. जे पैसे देतो ती मिस्साची किंमत नाही, ते अर्पण आहे, आणि व्यवहाराचा नुसता भासही होऊ नये असं कॅनन लॉ सांगतो. ज्यांच्याकडे द्यायला काही नाही त्यांच्यासाठीही फादरांनी मिस्सा करावी अशी त्यात कळकळीची शिफारस आहे, म्हणून पैसे नाहीत म्हणून मागायला लाजू नका. "फादर, एवढे दिलेत तर नाव मोठ्याने घ्या" असं मात्र कृपा करून म्हणू नका.

कन्फेशन

कन्फेशन म्हणजे फादरांपुढे पापं कबूल करून क्षमा घेणं. इथे जरा थांबतो कारण इथेच लोक सगळ्यात जास्त घाबरतात. गंभीर पापं वर्षातून एकदा तरी कबूल करणं बंधनकारक आहे, पण महिन्यातून एकदा जायची सवय लावली तर भीती जाते. करायचं असं.

घरीच किंवा बाकावर बसून आधी आठवून घ्या, पाच दहा मिनिटं पुरतात. आत गेल्यावर क्रूसाची खूण करा, शेवटचं कन्फेशन कधी झालं ते सांगा, मग पापं सांगा, गंभीर असतील तर काय केलं आणि साधारण किती वेळा तेही. गोष्ट सांगत बसायचं नाही, नवरा काय म्हणाला, सासू काय म्हणाली, शेजारी कसे आहेत, हे सगळं त्यांचं कन्फेशन झालं, तुमचं नाही. लाज वाटते ते सगळ्यात आधी सांगून टाका, मागे ठेवलं की अडकतं. मग फादर काय सांगतात ते ऐका, पश्चात्तापाची प्रार्थना म्हणा, पापक्षमेचे शब्द नीट ऐका आणि दिलेलं प्रायश्चित्त शक्यतो बाहेर जायच्या आधीच करा. खूप वर्षांनी येत असाल तर सरळ तसंच म्हणा, "फादर, वीस वर्षं झाली, कसं करायचं विसरलो, मदत करा." असा माणूस आला की फादरांना काय आनंद होतो, ते ऑफिसातल्या सगळ्या कटकटी विसरतात. आणि मोठा प्रश्न असेल, तासभर बोलायचं असेल, तर मागे लाईन लावून बोलत बसू नका, वेगळी वेळ मागून घ्या.

फादर कोणाला सांगतील का? नाही. कन्फेशनचं गुपित कोणत्याही कारणासाठी मोडता येत नाही, शब्दाने नाही, खुणेने नाही, आणि ज्या फादरने थेट मोडलं तो त्याच क्षणी आपोआप चर्चमधून बहिष्कृत होतो. ऐकलेल्या गोष्टीचा वापर करून ते तुमच्याशी वेगळं वागूही शकत नाहीत. आता याची दुसरी बाजू बघा, ती कोणी बोलत नाही. फादर बांधलेले आहेत, तुम्ही नाही, पण म्हणून "कन्फेशनला फादर मला असं बोलले" असं चारचौघांत सांगणं बरोबर नाही. त्यांना उत्तर देताच येत नाही. तुम्ही अर्धंच सांगितलं, चुकीचं सांगितलं, तरी त्यांना गप्पच राहावं लागतं. ज्याला बोलता येत नाही त्याच्याबद्दल बोलायचं नाही, एवढं तरी पाळूया.

घरी आजारी माणूस असेल तेव्हा

आमचे वडील शेवटचे आजारी होते तेव्हा आम्ही फादरांना उशिरा बोलावलं. बोलावलं तर वडिलांना वाटेल आता आपलं संपलं, म्हणून आम्ही सगळे भावंडं टाळत राहिलो, आणि बोलावलं तेव्हा त्यांना शुद्ध नव्हती. फादर रात्री आले, अभ्यंग (आजाऱ्याला पवित्र तेल लावायचा संस्कार) दिलं, पण वडिलांना कन्फेशन करता आलं नाही की कम्युनियन घेता आलं नाही. ही गोष्ट मला अजून टोचते, म्हणून हात जोडून सांगतोय, आधी बोलवा.

रुग्णाभ्यंग हा फक्त मरणाऱ्यांचा संस्कार नाही. आजारपणामुळे किंवा म्हातारपणामुळे जीवाला धोका सुरू झाला की तेव्हाच घ्यायचा असतो. मोठ्या ऑपरेशनच्या आधी घेता येतो, बरं होऊन परत गंभीर झालं तर परत घेता येतो, त्याच आजारात तब्येत जास्त बिघडली तरी परत घेता येतो. हा संस्कार फक्त फादर किंवा बिशपच देऊ शकतात, सिस्टर किंवा डीकन (फादरांच्या खालच्या पायरीचे दीक्षित) नाही. बेशुद्ध माणसालाही देता येतो, शुद्धीवर असताना त्याने मागितला असता असं असेल तर. वारलेल्या माणसाला मात्र देत नाहीत, तेव्हा त्याच्यासाठी प्रार्थना करतात. आणि फादर मयताला नाही म्हणाले की घरचे रडून त्यांच्यावर ओरडतात, ते मी फोनवर ऐकलंय. त्यांचा दोष नसतो हो.

फोन करताना हे सांगा: आजाऱ्याचं नाव, हॉस्पिटल, मजला, खोली, आत कधी सोडतात, माणूस शुद्धीवर आहे का, गिळता येतं का. शेवटचा प्रश्न फार महत्त्वाचा, कम्युनियन देता येईल की नाही ते त्यावर ठरतं, आणि अगदी छोटा तुकडाही चालतो. घरी असाल तर पलंगाजवळ छोटं टेबल, त्यावर पांढरं कापड, क्रूस, मेणबत्ती, ग्लासभर पाणी ठेवा, टीव्ही बंद करा. कोणीतरी एकाने खाली दारात उभं राहा म्हणजे फादरांना घर शोधत फिरायला नको. ते परमप्रसाद घेऊन येत असतात, त्यामुळे आल्या आल्या चहाचा आग्रह आणि गप्पा नकोत, आधी प्रभू. कन्फेशनसाठी सगळ्यांनी खोलीबाहेर जायचं, मग परत आत येऊन सोबत प्रार्थना करायची. खरीखुरी तातडी असेल तर रात्री दोनलाही फोन करा, अजिबात संकोच करू नका, यासाठीच ते फादर झालेत. दाखल्यावर सही हवी म्हणून मात्र रात्री फोन करायचा नाही.

दाखले, बाप्तिस्मा, लग्न

हे पटकन सांगतो. बाप्तिस्म्याची नोंद जिथे बाप्तिस्मा झाला तिथेच कायम राहते, दृढीकरण आणि लग्न झालं की त्याच नोंदीत शेरा पडतो. म्हणूनच लग्नासाठी जुना पिवळा पडलेला दाखला चालत नाही, ताजा, साधारण सहा महिन्यांच्या आतला मागतात, आणि तो मूळ पॅरिशकडूनच आणावा लागतो. आत्ताच्या फादरांवर चिडून उपयोग नाही.

गॉडपेरेंट, म्हणजे बाप्तिस्म्याच्या वेळी मुलाची धर्माची जबाबदारी घेणारे, एक किंवा दोन, दोन असतील तर एक पुरुष एक बाई, साधारण सोळा वर्षं पूर्ण, दृढीकरण झालेले, कॅथलिक जीवन जगणारे, आणि मुलाचे स्वतःचे आईवडील नाहीत. जिवलग मित्र आहे पण ख्रिस्ती नाही, तर तो या जागी चालत नाही. आधी विचारा, कोणाला शब्द देऊन मग फादरांना अडचणीत टाकू नका. लग्नासाठी निदान सहा महिने आधी भेटा, हॉल बुक करायच्या आधी.

पटलं नाही तर

मान राखणं म्हणजे गप्प बसणं नव्हे. कॅनन लॉच्या २१२ व्या कलमात लिहिलंय की आपल्या गरजा आणि मतं गुरूंना सांगायचा विश्वासूंना हक्क आहे, कधीकधी ते कर्तव्यही आहे, फक्त आदराने सांगायचं. मी पाळतो ते असं, रागाच्या दिवशी काही बोलायचं नाही, दुसऱ्या दिवशी वेळ मागायची, एकट्याने जायचं, जे स्वतः पाहिलं तेवढंच बोलायचं. "सगळे म्हणतात" हे वाक्य नको, कोण सगळे? व्हॉट्सअॅप ग्रुपवर आधी टाकून मग भेटायला गेलात तर ती भेट राहत नाही. ऐकलं गेलं नाही तर पॅरिश कौन्सिल आहे, तिचा सल्ला असतो, निर्णय फादरांचा, हे लक्षात ठेवा. पैशाचं असेल तर प्रत्येक पॅरिशला फायनान्स कौन्सिल असायलाच हवी आणि लोकांनी दिलेल्या पैशाचा हिशोब लोकांना द्यायलाच हवा, तसा नियमच आहे, त्यामुळे हिशोब विचारणं म्हणजे संशय घेणं नाही. तरीही सुटलं नाही तर बिशपना सहीचं पत्र. निनावी नको.

पण मुलांशी, किंवा कमजोर माणसाशी, कोणी वाईट वागत असेल, मग तो फादर असो की कोणीही, तर वरच्या पायऱ्या चढत बसू नका. थेट पोलिसांकडे आणि बिशपकडे जा, मुलाला आधी सुरक्षित करा, त्याचं म्हणणं खरं धरून ऐका. पोप फ्रान्सिस यांनी २०१९ मध्ये काढलेल्या आदेशाने अशा तक्रारी घेण्याची यंत्रणा धर्मप्रांतांना ठेवावीच लागते, आणि तक्रार करणाऱ्यावर गप्प राहायची सक्ती करता येत नाही. "फादरांची बदनामी होईल" म्हणून झाकणारा माणूस गुरुदीक्षेचा मान राखत नसतो. ज्या हातांनी प्रभूचं शरीर उचलायचं त्या हातांकडून जास्तच अपेक्षा आहे.

फादर पण माणूसच

संत जॉन व्हियानी पॅरिश प्रिस्टांचे आश्रयदाते आहेत. १८१८ मध्ये फ्रान्समधल्या आर्स नावाच्या छोट्याशा गावात आले आणि १८५९ मध्ये वारले तोपर्यंत तिथेच राहिले, दिवसाचे कित्येक तास कन्फेशनला बसायचे, लांबलांबहून लोक यायचे. पण हेच व्हियानी थकून, आपण या जबाबदारीला लायक नाही असं वाटून, एकदा नाही, अनेकदा गाव सोडून निघाले होते. संताची ही गत, तर आपल्या फादरांचं काय.

म्हणून त्यांच्या दीक्षेची तारीख विचारून कॅलेंडरवर लिहा आणि त्या दिवशी साधा मेसेज करा. सणांच्या दिवशी सगळे बोलावतात, सणानंतरच्या रिकाम्या संध्याकाळी कोणी बोलवत नाही, तेव्हा बोलवा, आणि लवकर सोडा, कारण रोजची ठरलेली प्रार्थनाही त्यांना पूर्ण करायची असते. सुट्टीवर गेले तर "फादर फिरतात" म्हणू नका, वर्षाला महिन्यापर्यंत सुट्टी त्यांना कायद्यानेच आहे. जेवणाच्या टेबलावर, मुलांसमोर, फादरांची टिंगल नको. ज्या घरात फादर म्हणजे रोजचा विनोद, त्या घरातला मुलगा सेमिनरीचा, म्हणजे फादर व्हायच्या शिक्षणाचा, विचार कशाला करेल?

बदली होते तेव्हा

जुने फादर जाताना रडू येतं, येऊ द्या, पण बिशपकडे सह्यांची मोहीम घेऊन जाऊ नका. दीक्षेच्या वेळी त्यांनी बिशपला आज्ञापालनाचं वचन दिलेलं असतं, आपण त्यांना त्या वचनाविरुद्ध ओढतो. गेल्यावर नव्या पॅरिशमधल्या भानगडी विचारायला फोन करू नका, आणि लग्नं, बाप्तिस्मे त्यांच्याच हातून हवेत म्हणून हट्ट धरायचा असेल तर आधी नवीन फादरांची परवानगी घ्या. नवीन फादरांना पहिले सहा महिने "आधीचे फादर असं करायचे" हे वाक्य ऐकवू नका. त्यांना पहिल्याच आठवड्यात घरी पडून असलेल्या आजाऱ्यांची यादी नेऊन द्या, पत्ता आणि फोन नंबरसकट, आणि पहिल्या दोनतीन घरी स्वतः सोबत जा.